दोन पायऱ्यांमधला सूर

१

गौरवीला वाटलं होतं, आपण परत येऊ तेव्हा सगळा गोवा कामाला लागलेला असेल. जर्मनीत वाद्यांचं इलेक्ट्रॉनिक्स शिकताना घरून येणाऱ्या पत्रांत आधी राजभाषेचे मोर्चे आले, मग बंद पडलेले रस्ते, मग एकदाचं राज्य. आता राज्य आपलं, तर यंत्रंही आपली, एवढ्या एका विचारानं तिला तिथल्या थंडीत ऊब यायची. ती परतली ती विमानात बसूनसुद्धा सर्किटं काढतच.

सापडलं ते असं. तुयेच्या औद्योगिक वसाहतीत काजूंच्या मधोमध तिच्या चुलतभावाची, गौरेशची, पत्र्याची शेड. पुढच्या बाजूला तो व्होल्टेज स्टॅबिलायझर बनवायचा. मागची खोली त्यानं तिला दिली. तिच्यात एक मेज, बसायला पाठ मोडलेलं एक कदेल आणि भिंतीत कधीच नीट न लागणारं खिडकीचं जनेल. कुंपणाच्या भिंतीवर मराठीची घोषणा पुसून कोंकणीची रंगवली होती, आणि तीही कोणीतरी अर्धी पुसून ठेवली होती.

"तू ते सिंथेसायझर का काय ते खुशाल बनव," गौरेश म्हणाला. "पण घेणार कोण ते आधी सांग. हय बकऱ्या चरतात, तेंका?"

पहिलं गिऱ्हाईक मात्र आपल्या पायांनी चालत आलं. शेजारच्या गावच्या देवळात सनई वाजवणारे कृष्णनाथमामा. नात्यानं ते तिचे कोणी नव्हते, पण लहानपणी तिनं त्यांची सनई हट्टानं तोंडात घातली होती आणि नुसती थुंकी उडवली होती, तेव्हापासून ते मामा झाले होते. फडक्यात गुंडाळलेली सनई मांडीवर ठेवून ते कदेलावर अगदी कडेला बसले.

सनईच्या जोडीत एक जण राग वाजवतो आणि दुसरा त्याच्या डावीकडे बसून एकच सूर न तोडता धरून ठेवतो. मामांचा सूर त्यांचा भाचा सगुण धरायचा. तो देवळाची चाकरी सोडून डिचोलीला खाणीवर ट्रक चालवायला गेला होता. सुराविना सनई पोरकी वाटते, तेव्हा येत्या जत्रेपासून कॅसेटच लावू, असं देवळाच्या महाजनांनी ठरवत आणलं होतं.

"कॅसेटीचो आवाज बरोच आसता," मामा म्हणाले. "पण मगे मी सकाळी उठान करू काय?"

"मी तुम्हाला सूर करून देते, मामा."

"तसो मिळता?"

"मिळतो म्हणजे काय. मी शिकलेय कशासाठी?"

२

काम तिला सोपं वाटलं होतं. सिंथेसायझरमध्ये सूर विजेच्या दाबावर चढतो आणि उतरतो. घुंडी फिरवून तो लावता येतो, पण उन्हात पेटी तापली की घुंडीचा सूर सरकतो. आकडा सरकत नाही. म्हणून तिला आकड्यावर चालणारी पेटी हवी होती. आकडा दिला की त्याचा विजेचा दाब करणारी एक चिप असते, कन्व्हर्टर. सगळी निवड त्या कन्व्हर्टरचीच होती.

"जिन्यासारखं आहे," तिनं गौरेशला समजावलं. "आठ बिटांचा कन्व्हर्टर म्हणजे उंच उंच पायऱ्यांचा जिना. बारा बिटांचा म्हणजे इतक्या बारीक पायऱ्या की तो उतारच वाटावा. दोन पायऱ्यांच्या मधे मात्र कुठलाच कन्व्हर्टर उभा राहू शकत नाही."

"आठवालो मुंबईक ढिगान मिळता," गौरेश म्हणाला. "बारावाल्याक वाट बघूक जाय, आणि तो म्हाग. सगळ्या देवळांक इकूक शंभर पेट्यांचो माल मागवचो आसा. आठचोच घाल गो बाय, लोकांच्या कानांक पायऱ्या दिसनत."

"मामांच्या कानांना दिसतील."

दिसल्याच. आठ बिटांच्या पेटीवर मामांच्या सनईच्या जवळचे दोन आकडे होते. खालचा लावला की सूर किंचित पडायचा, वरचा लावला की किंचित चढायचा, आणि दोन्ही वेळा सनई आणि पेटी मिळून हवेत एक घुंई-घुंई लाट उठायची. मामांचा सूर बरोबर दोन पायऱ्यांच्या मधे होता.

"थोडे दिवस थांबा. मी बारीक पायऱ्यांची चिप मागवते," ती म्हणाली. आकडा खालच्याच पायरीवर होता.

"आयलोच आसंय तर वायच वाजयतंय," मामा म्हणाले, आणि डोळे मिटून गाल फुगवले.

पहिल्यांदा लाट आली. मग ती संथ होत गेली, आणि बघता बघता विरली. पत्र्याच्या खोलीत सनई आणि सूर असे एकजीव झाले की पुढच्या बाजूचा गौरेशचा कटरही थांबला. गौरवीला भरून आलं. मामांनीच सनई थोडी उतरवून घेतली असणार, असं तिला वाटलं. थोर माणूस, यंत्रालाही सांभाळून घेतो.

मग तिचं लक्ष मीटरवर गेलं. कन्व्हर्टरच्या पायाला लावलेला मीटर खालच्या पायरीचा दाब दाखवत नव्हता. वरच्याही नाही. तो मधला दाखवत होता, जिथे पायरीच नव्हती.

३

मीटर खोटं बोलतो, हा तिचा पहिला विचार. तिनं गौरेशचा मीटर आणला. तोही तेच बोलला. चिप सदोष असेल म्हणून तिनं दुसरी बसवली, मग वेगळ्या कारखान्याची तिसरी. शेवटी चिपच नको म्हणून तिनं स्वतः रेझिस्टर निवडून, मोजून, त्यांची शिडी डाक देऊन जोडली आणि हातानं कन्व्हर्टर बनवला. प्रत्येक कन्व्हर्टरची चूक वेगळी असते, माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखी. इथे सगळ्यांची चूक एकच होती, तेवढीच, आणि तिथेच.

आणि तीही मामा वाजवत असतानाच. ते चहाला उठले की मीटरवरचा आकडा मुकाट्यानं पायरीवर जाऊन बसायचा.

मग तिला हुश्श झालं, कारण याला शास्त्र होतं. काही कपॅसिटर आवाजानं थरथरतात आणि त्या थरथरीची वीज होते. सनईचा आवाज काय थोडाथोडका असतो? तिनं गौरेशचा रेडिओ पेटीला खेटून पूर्ण मोठा लावला. मीटर ढिम्म. तिनं स्वतः त्याच सुरात ओरडून पाहिलं.

"तुज्या आवशीक सांगू काय?" गौरेश दारातून म्हणाला. "चेडू हाताबाहेर गेला म्हणान?"

"तू ओरड. तुझा आवाज मोठा आहे."

तो ओरडला. भाऊ म्हणून खरंच जीव तोडून ओरडला. मीटर हलला नाही. दोघं हसत सुटली, आणि हसता हसता गौरवीच्या लक्षात आलं की आपण हसणं लांबवत आहोत.

त्या दिवशी मामांनी दुपारभर वाजवलं. शेवटचा आलाप उतरवून त्यांनी सनई खाली घेतली आणि न बघता डावा हात बाजूला नेऊन हवेत ठेवला. सूर थांबला.

गौरवीचा हात अजून बटणापर्यंत पोचायचा होता.

"वीज गेली वाटतं," ती म्हणाली. वर पंखा फिरत होता.

मामांनी आपला हात पाहिला आणि ओशाळून मागे घेतला. "सवय गो. सूर धरलेल्याक तोंडान थांब म्हणूचा नसता. खांद्यार हात दवरूचो. तेवां तो सोडता." सनई पुसत ते म्हणाले, "सगुणाक किती वर्सां असो हात लायलो."

"आणि कोणी हात लावलाच नाही तर?"

"तर तो धरून रवतलो," मामा म्हणाले. जसं हे कोणालाही ठाऊक असतं.

४

म्हापशाला बस बदलून ती डिचोलीला गेली. स्वतःला तिनं सांगितलं की सगुणची सनई कुठल्या सुरात होती एवढंच विचारायचं आहे. रस्त्याकडेच्या झाडांची पानं खनिजाच्या धुळीनं तांबडी झाली होती. सगुण ट्रकच्या सावलीत पावाचा उंडा आणि भाजी खात होता. तो तिच्याहून जेमतेम मोठा होता, गालांना अजून फुंकण्याची गोलाई होती.

"तू गौरेशची भैण मगो? मशीन करणारी?" त्यानं अर्धा उंडा पुढे केला. "मामा बरो आसा?"

"बरे आहेत. तुमची आठवण काढतात. चाकरी का सोडलीत?"

सगुण हसला. "पगार म्हणान सगळ्यांक सांगलां. तूंय तेंच धर."

"मला खरं हवंय. माझ्या मशीनमध्ये काहीतरी चुकतंय, आणि ते मामा आले की चुकतं."

त्यानं घास गिळला. मग सांगितलं, तेही ट्रकच्या चाकाकडे बघत. एकदा आरतीच्या वेळी त्याला जबर खोकला आला. सनई तोंडातून काढावी लागली. मामा वाजवत राहिले. सूरही वाजत राहिला.

"कोणाचा?"

"माजे हात मांडयेर. तूच सांग."

"घाबरलात?"

"खरां सांगू? बरां वाटलां. गाल दुकत होते." तो पुन्हा हसला. "मगे मी रोज वायच वायच सोडून बगलां. शेवटाक नुसते गाल फुगवन बसा होतंय. मी थंय बसलंय म्हणजे भागा होतां, रिकाम्या जागेर तो येय ना होतो. पण देवाच्या दारात असां ढोंग किती दीस करतलंय? म्हणान ट्रक धरलो. ट्रक तरी आपसूक चलना ना."

गौरवीलाही हसू आलं. इतक्या सरळ माणसाला भास कसा झाला असेल, असा प्रश्न ती मनात मांडत होती, तेवढ्यात तो हात झटकून उठला.

"मामाक हें सांगू नाका. तो कदी वळान बगी ना. फकत हात दवरी खांद्यार." त्यानं ट्रकचं दार उघडलं आणि चढता चढता थांबला. "शेवटच्या वर्सा मी गाल फुगवूचे सोडून परत सारको फुकूक लागलंय. सूर अगदी सारको धरलंय. तेवांपासून मामाचो हात माज्या खांद्यापर्यंत पावना जालो. आमच्या दोघांच्या मदींच थांबा होतो. मी आपलो सरकान सरकान बसा होतंय."

५

बारा बिटांची चिप जत्रेच्या आदल्या आठवड्यात आली. गौरवीनं ती बसवली तेव्हा तिच्या मनावरचा भार उतरला. आता मामांच्या सुरासाठी स्वतःची पायरी होती. दोन पायऱ्यांच्या मधे काय होतं या प्रश्नाची गरजच उरली नव्हती.

परीक्षा देवळातच होती. संध्याकाळच्या वाजपाला, दिवेलागणीआधी. नगारखाना म्हणजे सभामंडपाच्या दारावरची माडी, गुडघ्याएवढा कठडा, खाली दगडी अंगण. अंगणात महाजनांपैकी गोकुळदास खुर्ची टाकून बसले होते. गौरेशही आला होता, इस्त्रीच्या शर्टात.

मामांनी चटई अंथरली. पेटी उजवीकडे ठेवली. डावीकडे सगुणची चटई होती, तीही त्यांनी अंथरली.

"ती कशाला, मामा?"

"उगडी जमीन बरी दिसना."

तिनं आकडा लावला. सूर नेमका होता. मामांनी सनई मिळवली आणि डोळे न उघडता मान हलवली. मीटरवरचा शेवटचा अंकसुद्धा हलत नव्हता. खालून गोकुळदासांनी हात वर करून 'फर्मास' अशी खूण केली. चार वर्षांच्या शिक्षणाचं, थंडीचं, पत्रांचं सोनं झालं, असं गौरवीला वाटलं. तिनं मनातल्या मनात शंभर पेट्यांचा आकडा बारा बिटांपुढे लिहूनही टाकला.

मग ती वाकून पेटीचा आवाज थोडा कमी करायला गेली. पेटीचा आवाज कमी झाला. सूर कमी झाला नाही.

भिंतीवरून आवाज फिरत असेल, ती स्वतःशी म्हणाली. दगडी भिंती आहेत. तिनं कान उजवीकडे केला, डावीकडे केला. पेटी उजवीकडे होती. डावीकडूनही सूर येत होता, तोच, इतका तोच की तुलना करायला दोन गोष्टी हाताशी लागत नव्हत्या. फरक एवढाच की डावीकडचा श्वास घेत होता.

आणि मामा सरकत होते.

वाजवणं न थांबवता, डोळे मिटलेलेच, ते थोडंसं उजवीकडे सरकले. बाकावर जागा असताना कोणी अगदी खेटून बसलं की आपण न बोलता सरकतो, तसे. थोड्या वेळानं पुन्हा. पेटी त्यांच्या गुडघ्यानं ढकलली गेली. गुडघ्याच्या पलीकडे आता कठडा होता, आणि कठड्याच्या पलीकडे काही नव्हतं.

गौरवीनं पेटीचं बटण बंद केलं. मीटर शून्यावर आला.

सूर चालूच राहिला.

"मामा," ती म्हणाली. ते आणखी सरकले. सनईचं तोंड कठड्याबाहेर गेलं. खाली कोणीतरी 'अरे अरे' म्हणत उठलं. तेव्हा तिला सुचलं ते एकच. सूर धरलेल्याला तोंडानं थांब म्हणायचं नसतं. तिनं मामांचं डावं मनगट धरलं, सनईवरून सोडवलं आणि बाजूला नेलं, रिकाम्या चटईच्या वर, बसलेल्या माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर.

हात तिथपर्यंत गेलाच नाही. त्याआधीच, मामांच्या कुशीलगत म्हणावं इतक्या जवळ, टेकला.

ती ते मनगट धरून होती म्हणून तिला कळलं. हाताला वजन राहिलं नव्हतं, कोणीतरी ते पेललं होतं. मामांची बोटं कशावरून तरी वळली होती, हाडकुळ्या खांद्यावरून वळावीत तशी. आणि तो हात हलत होता. खाली, वर, खाली. धावून दमलेल्याचा श्वास बसत जातो तसा हळूहळू.

सूर थांबला.

मामांनी डोळे उघडले नाहीत. त्यांनी त्या जागेवर दोनदा थोपटलं, मायेनं. मगच हात खाली आणला.

"दमलो तो आज," ते म्हणाले.

"कोण, मामा?"

त्यांनी डोळे उघडले, चटईकडे पाहिलं, कठड्याकडे पाहिलं. मग तिच्या हातात असलेल्या आपल्या मनगटाकडे. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. पंगतीत आपल्यामुळे कोणाला अवघडून बसावं लागलं हे उशिरा कळल्यावर माणूस ओशाळतो, तसं काहीसं होतं.

"पेटी तुजी बरी आसा गो बाय," ते म्हणाले. "खूब बरी आसा. वायच जास्तच."

खालून गोकुळदास म्हणत होते, सूर पसंत आहे, पेटी जत्रेला हीच राहू दे, मात्र म्हाताऱ्याला कठड्यापासून लांब बसवा.

६

गौरवी झोपली नाही, पण रडलीही नाही. हे काय होतं ते तिला कळलं नव्हतं, आणि ते कळायला हवं या आपल्या हट्टाला तिनं पहिल्यांदाच थोडं बाजूला बसवलं. कळलं होतं ते एवढंच. सूर थोडा कमी पडला की कोणीतरी तो भरून काढतं आणि आपल्या जागेवर बसतं. सूर पुरा दिला तर त्याला काम उरत नाही. मग तो जात नाही, जवळ येतो.

पेटी परत घ्यावी, असंही तिच्या मनात आलं. मग देवळात कॅसेट लागेल. मामा सकाळी उठतील आणि त्यांना करायला काही नसेल. तेव्हाही डावीकडे कोणी बसलेलं असेल का, हे तिला माहीत नव्हतं. रिकाम्या जागेवर तो येत नाही, असं सगुण म्हणाला होता. मामा एकटेच बसलेत, सनई फडक्यात, असं चित्र तिच्या डोळ्यांपुढे आलं, आणि ते तिला कालच्या माडीहून जास्त सहन होईना.

उजाडताच ती शेडवर गेली. पाववाल्या पोदेराची सायकल नुकतीच पुढे गेली होती. गौरेश पिशवीतले गरम उंडे घेऊन तिच्या मागोमाग आला. ती पेटीचे स्क्रू काढत होती.

"बाकीच्या पेट्यांना बाराचीच मागव," ती म्हणाली.

"आणि ही?"

तिनं बारा बिटांची चिप काढून मेजावर ठेवली आणि तिच्या जागी आठ बिटांचा कन्व्हर्टर बसवायला घेतला. पाय वाकडे होऊ नयेत म्हणून ती तो फार हळू दाबत होती.

"ह्यात मामांचो सूर बसना म्हणा होतंस मगो?" गौरेश म्हणाला. "दोन पायऱ्यांच्या मदीं रवता म्हणान?"

"हो. खालची पायरी लावून देते," ती म्हणाली. "तिथून पुढचं त्यांचं ते बघून घेतील. आणि तू संध्याकाळी माझ्याबरोबर चल. आज या पेटीच्या पहिल्या दिवशी मी मामांच्या उजवीकडे बसणार आहे, कठड्याला पाठ लावून."

"तू कित्याक?"

"त्यांना सरकायला जागाच ठेवायची नाही," असं म्हणून तिनं पेटीचं झाकण लावलं.